तळहातातली बाटली

"एक बाटली ठेवाची होती… तुमच्या फ्रिजात."

शामलानं हे वाक्य घरापासून घोकत आणलं होतं. तरी ओठांवर आलं तेव्हा ते अर्धंच ऐकू गेलं. बाहेर अठ्ठ्याहत्तर सालचा मे महिना नुसता भाजत होता. सक्करदऱ्याच्या तलावावरून येणारी हवासुद्धा तव्यावरून आल्यासारखी लागत होती. दुकानात मात्र वाळ्याच्या ताटीमागं गारवा होता, ओला वास होता, आणि लस्सी घुसळणाऱ्या माणसानं रवी थांबवून तिच्याकडे पाहिलं होतं.

"कशाची बाटली?"

"औषधाची."

"औषधाची म्हणजे… खरंच औषधाची?" त्यानं अंगठा ओठांकडे नेऊन दाखवला. "का त्या औषधाची?"

शामलाचे कान तापले. ओल्या रुमालात गुंडाळलेली बोटभर उंचीची काचेची बाटली तिनं काउंटरवर ठेवली. "इन्सुलीन हाये. शुगरचं. भैय्याजी मेडिकलवाल्यानं सांगितलं, इकडे फ्रीज फक्त तुमच्याकडेच हाये म्हणून."

त्याचा चेहरा पडला. खजील झालेला माणूस इतका पोरासारखा दिसतो हे शामलाला माहीत नव्हतं. त्यानं हात पायजम्याला पुसले, बाटली अगदी अलगद उचलली आणि फ्रीजचं दार उघडून सोड्याच्या बाटल्या एका अंगाला सारल्या.

"कोणाले हाये शुगर? म्हाताऱ्या मायले?"

"मले."

तो वळला. एकोणतीस वर्षांची, सडपातळ, बोटांना सुताचे बारीक घट्टे पडलेली ही मुलगी. तिच्याकडे त्यानं एकदा पाहिलं, आणि दुसऱ्यांदा पाहायचं टाळलं. ते टाळणंही शामलाला दिसलं.

"नाव काय लिहू बाटलीवर?"

"शामला. तुमचं?"

"मधुकर." मग त्याच्या डोळ्यांत पुन्हा ते मघाचं खट्याळपण आलं. "पाहा, राहता सक्करदऱ्यात, औषध ठेवता मधुकरच्या फ्रिजात… साखर कशी उतरंल तुमची?"

तीन वर्षांत या आजारावर कोणी विनोद केला नव्हता. शामलाला हसू आलं नाही. पण घरी जाताना उन्हाची झळ जरा उशिरा लागली.

*

तीन वर्षं ती गोळ्यांवर होती. डॉक्टर म्हणत, हा मोठ्या माणसांचाच मधुमेह, तुमच्या घराण्यात आहे, तुम्हाला फक्त लवकर गाठलं त्यानं. मग गोळ्या थकल्या. रोज सकाळी ती काचेच्या नळीत निळं औषध घेऊन त्यात लघवीचे आठ थेंब टाकायची आणि दिव्यावर उकळवायची. निळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर सांभाळून, पिवळं वाईट. गेले चार महिने नळीत एकच रंग येत होता, विटकरी. शामला मागावर लुगडी विणायची. विटकरी काठ तिला फार आवडे. आता त्या रंगाचं सूत हाती आलं तरी ती ते बाजूला सारी.

"आता इंजेक्शन," डॉक्टर म्हणाले. "रोज सकाळी. स्वतःच्या हातानं."

त्यांना काय माहीत, शामलाच्या घरात त्या शब्दाचा अर्थ काय होता ते! तिचे वडील बाबनराव असेच या आजारात गेले. पायाची जखम चिघळली, पाय कापला, आणि मग कुठं इंजेक्शन सुरू झालं. एकविसाव्या दिवशी सगळं आटोपलं. आई, तुळजाबाई, त्यानंतर वर्षभर सुई दिसली तरी तोंड फिरवायची. डॉक्टरांनी समजावलं होतं, "इंजेक्शनानं नाही गेले ते. ते उशिरा मिळालं म्हणून गेले." शामलानं मान हलवली होती. पण कानात शिरलेली गोष्ट काळजापर्यंत जायला वेळ लागतो.

आणि पहिली बाटली तर उन्हानंच खाल्ली. माठाखालच्या ओल्या रेतीत पुरून ठेवली होती. आठ दिवसांत औषधाच्या गुठळ्या होऊन काचेला चिकटल्या. हिंमत करून टोचायला शिकली होती, ते सगळं वाया गेलं आणि भीती परत आली. म्हणून हा फ्रीज, आणि म्हणून रोज सकाळी सात वाजता मधुकरच्या दुकानाची पायरी.

स्टीलच्या डबीत उकळलेली काचेची पिचकारी आणि सुई घेऊन ती यायची. वाळ्याच्या ताटीमागं एक स्टूल होतं. पहिल्या दिवशी पिचकारीत वीस युनिट भरून ती तिथं बसली ती पंधरा मिनिटं बसूनच राहिली. सुई मांडीशी न्यायची, आणि हात परत यायचा.

"झालं का?" ताटीपलीकडून आवाज आला.

"…नाई."

"मी आकडे मोजू? दहापर्यंत?"

"मोजू नका. आणखी भेव वाटते."

"मंग काय करू?"

"काही बोला."

पलीकडून तो दुधाबद्दल बोलू लागला. उमरेडकडून येणारा दूधवाला रामाजी म्हशीचं म्हणून गाईचं दूध कसा घालतो, आणि ते ओळखायचं कसं, आणि ओळखूनही काही बोलायचं का नाही, कारण त्याची बायको भजनात फार गोड गाते… शामला ऐकता ऐकता फस्‌कन हसली, आणि त्या हसण्यातच सुई आत गेली.

"गेली!" ती ओरडली.

"कोण? रामाजीची बायको?"

*

औषध दुधाळ होतं. भरण्याआधी बाटली हलवायची नाही, दोन्ही तळहातांत धरून हळूहळू फिरवायची. गारवाही मोडतो आणि तळाला बसलेलं वरही येतं. जूनच्या मध्यात कधीतरी शामलाच्या ध्यानात आलं, की ती पायरी चढते तेव्हा बाटली फ्रिजात नसते. ती मधुकरच्या हातांत असते. बर्फ फोडून लाल झालेले ते दांडगे तळहात, आणि त्यांच्यात फिरणारी ती इवलीशी काच. तो बाटली तिच्या हातात द्यायचा तेव्हा ती कोमट असायची.

तिनं कधी त्याचे आभार मानले नाहीत. मानले असते तर ते थांबलं असतं… असं तिला वाटायचं.

पाऊस आला, गेला, पुन्हा आला. नळीतला रंग विटकरीवरून पिवळा, पिवळ्यावरून हिरवा झाला. एके दिवशी तिनं पायरीवरूनच सांगितलं, "आज निळं!" आणि मधुकरनं भर सकाळी तीन गिऱ्हाइकांना फुकट सोडा पाजला. कशासाठी, ते त्यांना सांगितलं नाही.

पण या औषधाची एक दुसरी बाजू होती. टोचल्यावर वेळेवर जेवायचं, नाहीतर साखर एकदम उतरते. ऑगस्टमध्ये एका सकाळी शामला टोचून सरळ राकेलच्या रांगेत जाऊन उभी राहिली. रांग हलेना. घरी भाकरी झाकून ठेवलेली. अकरा वाजता मधुकरला ती रस्त्यातून चालत येताना दिसली. चालत कसली, तोल सावरत. कपाळावरून घाम ओघळत होता, डोळे कुठंतरी भलतीकडे होते. काउंटरशी येऊन तिनं एक पेला उचलला आणि उगीचच खाली टाकून फोडला.

त्यानं क्षणभरही घालवला नाही. पाण्यात मूठभर साखर ढवळली, तिला पायरीवर बसवलं आणि पेला तिच्या दातांशी धरला. "प्या. मी सांगतो ना, प्या." अर्धं सांडलं, अर्धं गेलं. पंधरा मिनिटांनी शामला शामला झाली. समोर गिऱ्हाइकं उभी. पदर ओला, चिकट. पायाशी काचा.

"मी काही बोलली काय?" तिनं खाली मान घालून विचारलं.

"काही नाई."

"खरं सांगा."

"सांगतलं ना, काही नाई." तो काचा वेचू लागला. त्याची मान लाल झाली होती.

त्या दिवसापासून शामला पदराच्या गाठीत खडीसाखर बांधू लागली. आणि त्या दिवसापासून तिला त्याच्या डोळ्यांकडे पाहवेना.

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या त्या भल्यामोठ्या बाहुलीची मिरवणूक. जागनाथ बुधवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. आई शेजारच्या गोपिकाबाईंबरोबर पुढं गेली, आणि गर्दीच्या एका लाटेनं शामलाला एका बंद दुकानाच्या फळीवर आणून सोडलं. तिथं आधीच मधुकर उभा होता. नवा सदरा, केसांना तेल.

"योगायोग हाये," तो घाईघाईनं म्हणाला.

"मी कुठं काय म्हटलं?"

पिवळी मारबत डुलत डुलत समोरून चालली होती. पोरं गळा फाटेस्तोवर ओरडत होती, रोगराई घेऊन जा गे मारबत! खोकला घेऊन जा! खरूज घेऊन जा!

"तुमचं बी सांगू काय तिले?" मधुकरनं विचारलं. "घेऊन जा गे शामलाबाईची शुगर!"

"नाई न्यायची ती. खरूज नेते, खोकला नेते… याले नाई हात लावत."

तिच्या आवाजात असं काही होतं की त्याचं हसू विरलं. मारबत पुढं गेली. मागं धूळ राहिली आणि ढोलाचा आवाज.

"त्या दिवशी तुम्ही बोलल्या होत्या," तो एकदम म्हणाला. "साखर उतरली होती तेव्हा."

तिनं मान वळवली. "काय?"

"तुम्ही म्हटलं… 'मधू, दुकान लवकर बंद नको करत जाऊ. मी कुठं जाऊ मंग?'" तो समोरच्या भिंतीकडे पाहत होता. "मले मधू फक्त माय म्हणते. मायले सांगतलं मी. प्रयागबाई म्हणतात तिले, लई कडक हाये. तिनं विचारलं, पोरगी विणते ना? मंग आण घरी… मी विचारून राहिलो तुमाले."

शामलाच्या आत काहीतरी भर उन्हात उमललं, आणि तिनं तिथंच ते मुठीत दाबलं.

"माझ्या मायनं दोन वर्षं बाबाची जखम धुतली," ती म्हणाली. "रोज सकाळ-संध्याकाळ. शेवटी शेवटी ती जेवाले बसे अन् ताट सरकवून उठे. वास जाये नाई नाकातून. मी पाहिलं हाये ते. तुमाले तिच्या जागी नाई पाहाचं मले."

"मी काय जखम धुवाले मागून राहिलो तुमाले?"

"ते मागाव लागत नाई. ते येतेच."

"अन् नाई आलं तर?"

ढोल दूर गेले होते. दोघं त्या फळीवर उभे होते, दोन हातांचं अंतर ठेवून… आणि ते अंतर कोणीच ओलांडलं नाही.

ऑक्टोबरात हवा निवली, तसं तिनं कारण शोधलं. "आता माठाजवळ ठेवली तर चालते म्हणाले डॉक्टर." मधुकरनं बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली, वर केळीचं पान बांधलं. त्या बांधण्याला त्यानं फार वेळ लावला.

"बर्फ लागला तर सांगा," एवढंच तो म्हणाला.

*

मागावर पांढरा ताणा चढवलेला होता. डिसेंबरातली सकाळ, दारातून ऊन आत आलेलं. शामलाला पांढऱ्यात एक काळा धागा दिसला. कुठून आला म्हणून तिनं चिमटीत धरायला हात नेला. धागा बाजूला सरकला. पुन्हा हात नेला, पुन्हा सरकला. तिनं मान वळवली तर तो भिंतीवर आला. भिंतीवरून आढ्यावर. मग एकाचे दोन झाले, दोनाचे चार, आणि दुपारपर्यंत डाव्या डोळ्यापुढं तांबूस पाण्यासारखा पडदा उतरला.

दवाखान्यात डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात बत्ती धरली, मग उजव्यात धरली. "आत रक्त उतरलंय. साखर इतकी वर्षं वाढलेली होती, त्याचं आहे हे. थोडं ओसरेल… सगळं नाही."

"अन् उजवा?"

"उजव्यात सुरुवात दिसते. साखर ताब्यात राहिली तर बरीच वर्षं निघतील." ते थांबले. "किंवा नाही निघणार. खोटं कशाला सांगू."

घरी येऊन शामला मागाशी बसली आणि धोट्याला हातही न लावता बसून राहिली. रडू येत नव्हतं. वीस युनिट, दोनशे दिवस, मांडीवरचे ते सारे निळे डाग, न खाल्लेला प्रत्येक लाडू, सगळं करूनही! तिनं ठरवलं, उद्यापासून टोचायचं नाही. काय करायचंय टोचून?

दुसऱ्या दिवशी तिनं खरंच टोचलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. संध्याकाळी आईनं चुलीवर पिचकारी उकळायला ठेवली आणि तिच्यासमोर येऊन बसली. ही तीच तुळजाबाई, सुईकडे पाठ फिरवणारी.

"टोच."

"माय, तू बाबाले कंटाळली होती काय वं? खरं सांग."

तुळजाबाईनं नजर चुकवली नाही. "हो. रोज कंटाळत होती. रोज वाटे, हा माणूस मरत काहून नाई. अन् रात्री उठून त्याचा श्वास चालू हाये का पाहत होती. दोन्ही करत होती मी."

शामलाला हुंदका आला.

"तो लस्सीवाला पोरगा दोनदा येऊन गेला," आई म्हणाली. "दारातूनच. शुगर कशी हाये विचारून गेला. तू त्याले नाई म्हटलं, हे त्याच्या तोंडावर दिसते. ते तुझ्या बाबामुळं म्हटलं ना?"

"तुझ्यामुळं."

"मले कोणी विचारलं होतं, तुले झेपंल काय म्हणून?" तुळजाबाईचा आवाज पहिल्यांदा कापला. "लग्न लावून देलं, मंग आजार आला, मंग केलं. त्याले तर आधी सांगता येते. सांग त्याले. डोळ्याचं, पायाचं, सगळं सांग. मंग तो पाहील. त्याच्या मनचं तू काहून ठरवून राहिली?"

शामलानं डोळे पुसले. पिचकारी घेतली. त्या संध्याकाळी वीस युनिट तिनं आईच्या डोळ्यांदेखत टोचले, आणि आईनं तोंड फिरवलं नाही.

*

हिवाळ्यात लस्सीला कोण विचारतो? मधुकर दुकानात एकटाच कढईत दूध आटवत होता. शामला आली तशी तो उभा राहिला. तिनं बसायला नकार दिला आणि सगळं सांगितलं. उभ्यानंच, हिशेब सांगावा तसं. डावा डोळा गेल्यातच जमा. उजव्याचा भरवसा नाही. विणकाम सुटेल. पायाला जखम झाली तर बाबासारखं होईल. लेकरू होईल का नाही, झालं तर त्यालाही हा आजार येईल का, डॉक्टरही सांगत नाहीत. इंजेक्शन मरेपर्यंत. त्यानंही सगळं थांबेल असं नाही, थोडं लांबेल.

दूध उतू गेलं. त्यानं कढई उतरवली नाही.

"आता बोला," शामला म्हणाली. "भेव नाई वाटत?"

तिला वाटलं, तो म्हणेल, नाही. तो म्हणेल, मी आहे ना. तसं म्हटलं असतं तर ती तिथूनच परत फिरली असती.

"वाटते," मधुकर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि त्यानं ते पुसले नाहीत. "लई वाटते. मी कंटाळीन बी, चिडीन बी तुमच्यावर. देवमाणूस नाई मी, दूधदही विकणारा माणूस हाये. पण दोन महिने झाले, सकाळी सात वाजता दुकानाची फळी काढाले हात उचलत नाई माझा. हे बी खरं हाये, अन् ते भेव बी खरं हाये. यातलं मोठं कोणतं, नाई समजत मले. तुमाले समजत असंल तर सांगा."

चुलीतल्या निखाऱ्यावर दूध जळत होतं, त्याचा करपट गोड वास दुकानभर पसरला होता.

"बाहेर या," ती म्हणाली.

"कुठं?"

"उन्हात."

तो बाहेर आला. पायरीखाली कोवळं ऊन होतं. तिनं त्याला खांद्याला धरून ऊन तोंडावर येईल असं उभं केलं. रस्त्यानं माणसं जात होती, समोरच्या दारात एक बाई धान्य निवडत बसली होती. शामलानं कोणाची फिकीर केली नाही. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि उजव्या डोळ्यानं ती त्याच्याकडे पाहू लागली. चोरून नाही, ओझरतं नाही. कपाळावर देवीचा एक व्रण होता. डाव्या भुवईत एक पांढरा केस. खालचा ओठ थंडीनं फुटलेला, आणि तो दाताखाली धरायची त्याची सवय.

"काय पाहून राहिली, शामला?" तो हळूच म्हणाला. त्याच्या तोंडचं 'तुम्ही' कुठं गळून पडलं, त्यालाही कळलं नाही.

"उद्या तुमच्या मायले आमच्या घरी घेऊन या."

"खरं…?" तो एक पाऊल पुढं आला.

"हलू नका," शामला म्हणाली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो तिला धूसर दिसू लागला होता, तरी ती पापणी लववत नव्हती. "तिथंच उभे राहा. मले अजून पाहाचं हाये."